चार सेकंदांत कापलेला फोन

सकाळी दहा वाजता धरणाचे दरवाजे उघडावे लागले. पाणी खालच्या आळीत शिरायला दीड तास होता. तेवढ्यात तिथली एकशे चाळीस घरं रिकामी व्हायला हवी होती.

नगरपालिकेच्या फोनकक्षातल्या ताईंनी इशाऱ्याचं बटण दाबलं. यंत्र एका दमात सगळ्या घरांना फोन लावतं, आधीच भरून ठेवलेला निरोप ऐकवतं आणि कुणी किती वेळ ऐकलं ते पडद्यावर दाखवतं. निरोप वीस सेकंदांचा होता. पडद्यावर आकडे उमटले: चार, चार, तीन, चार.

“उचलले की सगळ्यांनी,” मागे उभे असलेले कक्षाचे साहेब म्हणाले.

“उचलले आणि आपटले.”

ताईंनी आळीतल्या आपल्या मावशीला मोबाइलवरून गाठलं. “मावशी, आत्ताचा फोन का कापलास?”

“अगं, तुझाच आवाज. ‘नमस्कार, नागरिकांना कळवण्यात येते...’ नळाला पाणी उशिरा, हेच ना? रोज कोण ऐकणार ते पुराण?”

“पूर येतोय, मावशी. टेकडीवरच्या शाळेत जा.”

“मग हे आधी सांगायला काय झालं होतं?”

दोन वर्षं त्याच गोड आवाजात ताईंनी नळाच्या वेळा सांगितल्या होत्या, आणि इशाराही त्याच चालीवर भरला होता. चूक त्यांचीच होती, पण हळहळत बसायला सवड नव्हती.

“साहेब, तुम्ही बोला. तुमचा आवाज कुणाच्या ओळखीचा नाही.”

“माझा? फुटका भोंगा आहे तो. शिवाय मंजूर मजकूर बदलता येत नाही.”

“भोंगाच हवाय. मजकुराचा जाब मी देईन.”

साहेबांनी घसा खाकरला. “पूर येतोय. घर सोडा. टेकडीवरच्या शाळेत जा. कळलं असेल तर एक दाबा.”

नमस्कार नाही, चमत्कार नाही. सगळा निरोप आठ सेकंदांचा. या वेळी पडद्यावर आठ, आठ, आठ येत गेले. एक न दाबलेली घरं नऊ उरली. ताई ती हातानं लावू लागल्या. कुणी उचलेना.

तेवढ्यात शाळेतून मावशीचा फोन आला. “कोण राहिलंय, वाच बघू.”

ताई वाचत गेल्या, मावशी आसपास बघून सांगत गेली. आठ घरची माणसं पोचली होती. फोन घरीच विसरली होती.

“आणि शिंपी?”

“तो नाही दिसत. त्याला ऐकू कमी येतं गं. थांब, दूधवाल्याला स्कूटरवर पिटाळते.”

ताईंनी फोन कानावरून काढला नाही. घड्याळात अकरा वाजले, सव्वाअकरा झाले.

“आला,” मावशी म्हणाली. “शिलाईचं यंत्र मांडीवर घेऊन आलाय शहाणा.”

ताईंनी शेवटच्या घरापुढे खूण केली आणि मगच खुर्चीला पाठ टेकली.