बायनाचं मंजन

भिंतीवर लिहिलेलं खोटं नसतं, असं आमच्या भागात पुष्कळांना वाटतं. वर्तमानपत्रातलं खोटं असू शकतं, पुढाऱ्याच्या तोंडातलं तर असतंच. पण एखाद्यानं शिडी लावून, उन्हात उभं राहून, हात हात उंचीचं अक्षर काढलं असेल तर विचार करूनच काढलं असणार. मी सूर्यभान पेंटर, सेलूचा. पुष्कळ वर्षं भिंती लिहितोय आणि छातीठोकपणे सांगतो, लिहिताना मी काडीचाही विचार करत नाही. ओळ तिरपी गेली नाही म्हणजे मिळवली.

बियाण्याच्या जाहिरातीत मी ज्वारीचं कणीस माणसाच्या मांडीएवढं काढायचो. शेतात ते कधी तेवढं आलं नाही. पण पुढच्या मृगाला तोच शेतकरी त्याच भिंतीखाली उभा राहून म्हणायचा, "पेंटर, कनीस लय झकास काढलंय." साबणाच्या जाहिरातीतली बाई, चहाच्या कपामागची बाई, शिलाई मशीनवर बसलेली बाई, या सगळ्या माझ्याच. सगळ्यांना नाक माझ्या बायकोचं, कारण दुसरं नाक मला जमत नाही. टॉकीजच्या बोर्डावर मुंबईची हिरॉईन काढली तरी सेलूचे लोक म्हणायचे, "चला, वैनी पिक्चरमधी गेल्या."

वैनी म्हणजे पंचफुला. लहानपणी विहिरीच्या काठावर पडून तिचा समोरचा दात अर्धा तुटला. तेव्हापासून हसू आलं की आधी पदर तोंडावर जातो, मग हसू येतं. संसाराच्या पहिल्या नऊ वर्षांत मी तिचं हसणं भरपूर ऐकलं, पाहिलं मात्र फारसं नाही. तिची माझ्याबद्दल तक्रार एकच होती. "साऱ्या मुलखाची नावं लिवता. आपलं नाव कंच्या भिताडावर हाय?"

आमच्याकडं लग्नघराच्या भिंतीवर नवरानवरीची नावं लिहितात. वर शुभविवाह, दोन्ही बाजूंना हत्ती नाहीतर पोपट, मधे चि. अमुक आणि चि. सौ. कां. तमुक. ही नावं कुणी हातानं पुसत नाही. पावसानं जातील तेव्हा जातील, आपण पुसली तर जोडप्याला बाधतं म्हणतात. मी अशी शेकड्यानं नावं लिहिली. आमचं स्वतःचं लग्न निघालं ते अठ्ठ्याहत्तरच्या ऑगस्टात. विद्यापीठाच्या नामांतरावरून दंगली पेटल्या होत्या, त्या दिवसांत आमच्या वस्तीतल्या भिंती जागेवर राहतील की नाही याचाच भरवसा नव्हता, त्यांच्यावर पोपट कोण काढतो? परभणीच्या विहारात दहा माणसांत वंदना झाली आणि पंचफुला घरी आली. पुढं नामांतराच्या घोषणा मी गावोगाव फुकट लिहिल्या. पण लग्नाचं नाव लग्नातच लिहायचं असतं, ते राहिलं ते राहिलंच.

आता मंजनाची गोष्ट. ती सत्याऐंशीची.

व्यंकटराव म्हणजे सेलूतले मोठे किराणा व्यापारी. चांदणी दंतमंजनाची एजन्सी त्यांनी नवीनच घेतली होती. त्यांनी मला बोलावलं आणि म्हणाले, "सूर्यभान, सेलूपासून परभणीपर्यंत रेल्वेच्या कडेची गावं धरून तीस भिंती करायच्यात. पण आधी नमुन्याची एक भिंत पेडगावला कर. कंपनीचे साहेब औरंगाबादहून येऊन गाडीतूनच बघणार. पसंत पडली तर तीसही तुझ्या. नाही पडली तर ते त्यांचा माणूस पाठवतील."

तीस भिंती म्हणजे वर्षभराचं काम, आणि तेही घरी जेवून. मागच्या साली काम नव्हतं तर मी पाच महिने पुण्याला इमारती रंगवायला गेलो होतो. परत आलो तेव्हा धाकटी पोरगी मला बघून आईच्या मागं लपली. त्या दिवशी मी ठरवलं होतं, पुन्हा पुणं नको. पण ठरवून काय होतं? ही भिंत गेली तर पुणं होतंच.

पेडगावात रुळाकडं तोंड करून उभी, सपाट, गिलावा केलेली भिंत एकच होती, कडूबाईंची. मी ती ओळखत होतो. तिच्यावर मधोमध लिहिलं होतं, चि. माणिक आणि चि. सौ. कां. बायना. अक्षर माझंच. तीन वर्षांपूर्वी कडूबाईंच्या मुलीच्या लग्नात मी ते लिहिलं होतं. इतरांना मी साध्या रंगात लिहून द्यायचो, दोन पावसाळ्यांत जायचं. पण कडूबाईंनी त्या वेळी बुंदीचं ताट माझ्यापुढं असं काही भरून ठेवलं, की मी खूश होऊन सगळी नावं ऑइलपेंटमध्ये काढली. वर फुशारकीही मारली, "मावशी, नातवाच्या लग्नापर्यंत हलत नाही." आपल्या हातानं आपल्याच पायावर धोंडा पाडून घेणं म्हणतात ते हेच.

"मावशी, नावं जुनी झाली. जाऊ द्या आता," मी चाचरत म्हणालो.

"पुसायचं तर नावच काढू नका, पेंटर," कडूबाई म्हणाल्या. "पावसानं जाऊ द्या."

"पावसानं जायची न्हाईत ती."

"तुमीच म्हनले व्हते न्हवं? मंग? लेक जालन्याला दिलीय माही. येता जाता गाडीतून आपलं नाव बघती. परवा म्हने, आई, पेडगाव आलं की डब्यातल्या बायांना म्या दावते, ते बघा माहं नाव. आन तुमी त्याच्यावर मंजन फासायलात!"

मी पुण्याचं सांगितलं, पोरीचं सांगितलं. कडूबाई थोड्या विरघळल्या. शेवटी तोड त्यांनीच काढली. नावांना हात लावायचा नाही, बाकी भिंत माझी.

मग मी नावांच्या वर मोठ्यानं लिहिलं, चांदणी दंतमंजन. डावीकडं पंचफुलाचं नाक आणि बत्तीस दात असलेली बाई, उजवीकडं मंजनाचा डबा, खाली ओळ, रोज सकाळी घासा, दात मोत्यावाणी. नावं मधे राहिली. मी मनाशी म्हटलं, पळत्या गाडीतून एवढं बारीक कोण वाचतंय? घरी जाऊन झोपलो. कडूबाईंना मात्र नव्या रंगाशेजारी लेकीजावयाची नावं मळकी दिसायला लागली. त्यांनी ओल्या फडक्यानं ती लख्ख पुसून काढली. ऑइलपेंटच तो, नवा दिसायला लागला.

पंधरा दिवसांनी साहेब आले. सेलूहून आम्ही तिघे गाडीत बसलो, साहेब, व्यंकटराव आणि मी. डब्यात माणसांची दाटी होती. साहेब खिडकीशी बसले. मानवत रोड गेलं. पेडगावाआधी गाडी हळू झाली आणि भिंत आली. चांगली दिसत होती, उगाच खोटं कशाला बोलू. पण मोत्याच्या दातांच्या वर, मंजनाच्या खाली, सगळ्यांत ठळक काय दिसत होतं तर माणिक आणि बायना.

"हे माणिक आणि बायना कोण?" साहेबांनी विचारलं.

व्यंकटरावांनी माझ्याकडं बघितलं. मी माझ्या चपलांकडं बघितलं. मला पुण्याची रंगकामाची परांची दिसायला लागली, पाचव्या मजल्यावरची.

तेवढ्यात समोरच्या बाकावरचे एक फेटेवाले म्हातारबा बोलले. "सायब, तुमी नवे दिसता. पेडगावचीच जोडी हाय ती. ह्याच मंजनानं दात घासतेत. म्हनून तर कंपनीनं नाव लिवलं त्यांचं."

"खरं?" साहेब.

"आवं, भिताडावर लिवलंय की!" म्हातारबांना साहेबाची कीव आली. "उगं कोन लिवतंय का?"

पलीकडून एक बाई म्हणाल्या, "म्या बी तेच आनलंय. कडूबाईची बायना घासती म्हनल्यावर खराब कसं असंल? तिची आई वळखीची हाय आमच्या."

व्यंकटरावांनी एकदम मांडीवर थाप मारली. "अरे! आठ दिवस झाले, दुकानात लोक बायनाचं मंजन द्या म्हणायलेत. मी म्हणायलोय, आपल्याकडं हा माल कधी आला?"

साहेब हसायला लागले. मोठ्या शहरातले, गोऱ्यापान बाईचे फोटो छापून दमलेले गृहस्थ. म्हणाले, "आम्ही त्या फोटोवाल्या बाईवर इतकी मेहनत घेतो, आणि तिला कुणी विचारत नाही. पेंटर, तुम्हाला हे सुचलं कसं?"

आता इथं मी खरं सांगायला हवं होतं. पण सुचलं असं आपण कधी म्हटलेलं नसताना दुसरा म्हणत असेल, तर गप्प बसणं हे खोटं बोलण्यात धरत नाहीत. मी नम्रपणे मान खाली घातली. परभणी येईपर्यंत हुकूम झाला होता, तीसही भिंती माझ्या. आणि प्रत्येक भिंतीवर त्या त्या गावचं एक जोडपं, खरं, ओळखीचं.

बायनाला मात्र हे महागात पडलं. तिच्या घरी सगळे राखुंडीनं दात घासत. कंपनीनं डबाभर मंजन पाठवलं. ती माहेरी आली तेव्हा मला म्हणाली, "पेंटरकाका, स्टेशनावर बाया माह्या तोंडाकडं बघायल्यात. बोलावं का न्हाई समजंना. सासूबाई म्हनतेत, आता राखुंडीनं घासलं तर मुलूख हसंल." पण सांगताना हसत होती, आणि दात खरंच चांगले होते. ते राखुंडीचे होते, ही गोष्ट वेगळी.

मग मी भिंतींवर सुटलो. एका गावात मास्तर आणि मास्तरीणबाई, एका गावात पोस्टमन आणि त्याची बायको. लोक रंगाच्या डब्याभोवती उभे राहून आमचं लिवा, आमचं लिवा म्हणायचे. टीव्हीवर दिसायला मुंबईला जावं लागतं, भिंतीवर दिसायला पेंटरला चहा पाजला की पुरे. चहानं माझं पित्त खवळलं तेवढंच.

ढेंगळी पिंपळगावला मात्र अडलं. तिथं नागनाथ आणि सीताराम हे सख्खे भाऊ. दोघांनाही आपलीच जोडी भिंतीवर पाहिजे होती. थोरला म्हणे, मान माझा. धाकटा म्हणे, दात माझ्या बायकोचे. दोघी जावांनी एकमेकींच्या दातांची उणीदुणी चारचौघांत काढली, चूल वेगळी करायची भाषा झाली. शेवटी सरपंच वैतागले. "पेंटर, गावातलं कुनाचंच नाव नगं. भाईरचं लिवा कुनाचं बी. गाडीतून बघनाराला काय कळतंय?"

मी शिडीवर उभा होतो. हातात ब्रश, पुढं पांढरी कोरी भिंत, खाली रूळ. बाहेरचं कुणाचंही. मी खाली उतरलो, ब्रश धुतला, चांगल्यातला लाल ऑइलपेंट काढला आणि पुन्हा वर चढलो. पंधरा वर्षांत पहिल्यांदाच मी विचार करून लिहिलं. मधे दोनदा खाली उतरून लांबून बघून आलो. दोन्ही बाजूंना पोपट काढले. मंजनाच्या जाहिरातीत पोपट कशाला, असं कुणी विचारलं नाही.

घरी काही बोललो नाही. आठ दिवसांनी पंचफुलाच्या भावाकडं परभणीला जायचं होतं. गाडीत तिला खिडकीपाशी बसवलं. पोरींना मी घेतलं.

"आज कामून खिडकी देयलात?" तिनं संशयानं विचारलं.

"हवा लागंल."

ढेंगळी पिंपळगाव आलं. ती बाहेर बघत होती. चौथीपर्यंत शिकलेली, अक्षर अक्षर जुळवून वाचते. मी भिंतीकडं बघितलंच नाही, तिच्या ओठांकडं बघत होतो. ओठ हलले. चांदणी. दंतमंजन. मग थांबले. मग पुन्हा हलले, अगदी हळू. चि. सूर्यभान. चि. सौ. कां. पंचफुला.

गाडी भिंतीसमोरून गेली, तशी तिची मानही मागं मागं वळत गेली. मला वाटलं, रडते की काय. मला स्वतःला तसं व्हायला लागलं होतं, ते मी पोरीच्या झबल्याचं बटण लावायच्या निमित्तानं लपवलं.

"नऊ वर्सांनी चिरंजीव सौभाग्यकांक्षिनी?" ती म्हणाली. "आन दोन लेकरांची माय?"

"ऑइलपेंट हाय," मी म्हणालो. "पावसानं जात न्हाई."

"आवं, पर मंजनाच्या भिताडावर! मला! ह्यो दात घेऊन!"

आणि ती हसली. डबाभर माणसं बघत असताना, बोट त्या तुटक्या दातावर ठेवून हसली. मग बोटही काढलं. "कंपनीच्या सायबानं बघितलं तर काम जाईल तुमचं," म्हणाली आणि आणखीच हसायला लागली. धाकटी पोरगी आईच्या तोंडाकडं बघत राहिली, मीही बघत राहिलो. मानवत रोड येईपर्यंत ती हसत होती आणि पदर खांद्यावरच होता.