भाईंची केसपेरणी

कट्टा गावच्या बाजारात त्या सोमवारी सगळ्यात जास्त गर्दी एका मांडवाखाली होती. पन्नासेक पुरुष डोक्यावरच्या टोप्या काढून ओळीने बसलेले. समोर खुर्चीवर फोंडाघाटचा सत्यवान आणि त्याच्या मागे त्याचेच दोन मोठे फोटो. एकात गुळगुळीत डोकं, दुसऱ्यात काळेभोर दाट केस.

"ओढा! लाजू नकात, ओढून बघा!" पांढऱ्या कोटातले भाई ओरडले. तिघांनी ओढून पाहिले. केस खरेच होते.

"मुंबयचे डॉक्टर आठ आठ तास टोचतत आणि वर्षभर थांबा म्हणतत. आमची केसपेरणी भातासारखी. आज लावा, नव्वद दिसांनी कापणीक येवा!" मग हात जोडून त्यांनी गाऱ्हाणं घातलं, "बा देवा म्हाराजा, ह्या लेकरांच्या टाळूर रान उगवंदे रे म्हाराजा!"

"होय म्हाराजा!" मांडव गरजला.

माझा सोमवारचा उपास होता. देवाचं गाऱ्हाणं असं बाजारात विकताना ऐकून मी मांडवाच्या कडेने पुढे सरकले.

माझा मुलगा सर्वेश देवबागला पर्यटकांची बोट चालवतो. शिमग्याआधी मला न सांगता तो याच भाईंच्या शिबिरात गेला. त्यांनी सुईने त्याच्या टाळूत केस खोचले. आठव्या दिवशी पू आणि ताप. सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टर दीपिकाने चिमट्याने एकेक केस उपटून बाटलीत टाकला. एक सरळ, एक कुरळा, एक चक्क पिकलेला.

"काकी, हे त्याचे केस नाहीत," ती म्हणाली. "कुठल्या तरी सलूनची झाडलोट आहे. दुसऱ्याचा केस आपल्या डोक्यात रुजत नाही. खरं रोपण करताना आपल्याच डोक्याच्या मागचे केस मुळासकट काढून पुढे लावतात."

आता तिथे नुसते व्रण आहेत. सर्वेश डोक्याला फडकं बांधून घरात बसतो. म्हणून मी कट्ट्याला भाईंना समजवायला गेले नव्हते. मला सूड हवा होता. त्यासाठी सर्वेशलाही घराबाहेर काढून बरोबर आणलं होतं.

पण रांगेत पहिला निघाला माझ्या बहिणीचा, सुगंधाचा मुलगा सुदेश. तीही त्याच्या शेजारीच होती. त्याला साखरेचा आजार.

"सुगंधा, उठव गो तेका."

"तुझ्या सर्वेशाचां रगात वायट, तेका भाई काय करतले?" ती फणकारली. "सत्यवानाचां झाला ना बरां? फोटो बघ मगे!"

बघितला. सगळे टाळू बघत होते. माझी नजर ओठावर गेली. भाईंनी सत्यवानाला उठवून सुदेशला खुर्चीत बसवलं, सुई उचलली तशी मी पुढे झाले.

"सत्यवाना, तुजो बापूस कधी गेलो रे?"

तो गडबडला. "गेल्या कार्तिकात."

"दिवस कोणी केल्यान?"

"मी. थोरलो मीच."

मी पहिल्या फोटोवर बोट ठेवलं. "खांद्यार पंचो. मागे शेंडी. आणि मिशी खंय? टक्कल शेंडी राखून पडता? मिशी घेवन जाता? भाईंनी औषध लावला टाळूर, मगे ही आताची मिशी कोणी पेरल्यान?"

चारपाच जण उठून फोटोजवळ गेले. मग मागून एक म्हातारा ओरडला, "अरे मेल्या! बापाशीच्या धाव्याचो फोटो लावलंस?"

"तो भाईंनीच मागल्यानी," सत्यवान रडकुंडीला आला. "माका टक्कल कधी नव्हतांच."

बापाच्या दहाव्याला मिशीसकट भादरलेलं डोकं. तीन महिन्यांत कोणाचेही वाढतात तेवढे केस. एवढाच तो चमत्कार!

"ताई, श्रद्धा ठेवा," भाई माझ्याकडे वळले.

"ती देवावर आहे. तुम्ही पदवी दाखवा."

माझ्यामागे उभ्या सर्वेशने न सांगता फडकं सोडलं. पुढच्या रांगेतल्यांनी माना वळवल्या. सुदेश आपणहून खुर्चीतून उतरला. लोकांनी भाईंना गाडीपर्यंत जाऊ दिलं नाही. केसांची बाटली आणि डॉक्टरांचं पत्र मी सकाळीच पोलिसांकडे दिलं होतं, तेही आले. भाई माझ्या पाया पडले. मी पाय मागे घेतले.

तक्रार मागे घ्या म्हणून नंतर भाईंची तीन माणसं येऊन गेली. तिघांना चहा दिला. तक्रार तशीच आहे आणि तशीच राहील.

डोक्यावर केस असावेत असं वाटणं पाप नाही. पण डोकं कोणाच्या हातात देतो ते आधी विचारा. नोंदणी असलेला डॉक्टर आहे का, सुई तोच धरणार की त्याचा माणूस, केस कुठून घेणार? केस का गळतात ते शोधलं का, रक्त तपासलं का? चांगल्या रोपणातले केसही आधी गळतात आणि नीट यायला वर्ष जातं, हे जो सांगत नाही त्याच्याकडून उठून या. विचारल्याने देव कधी कोपत नाही. कोपतो तो भोंदू, आणि त्याला खुशाल कोपू द्या.