नव्वद मगांचा हंडा

मी इंग्रज लष्कराच्या एका डिव्हिजनचा चहाचा हंडा बोलतोय. डिव्हिजन इंग्लंडातल्या लँकेशरच्या गिरणीकामगारांची. माझ्या पोटात बरोबर नव्वद मग चहा मावतो. झाकणात बेकन तळायचे, त्यामुळे चहाला जन्मभर डुकराचा वास. तक्रार कोणी केली नाही.

१९१५ साली, पहिल्या महायुद्धात, मी तुर्कस्तानातल्या गॅलिपोलीच्या किनाऱ्यावर उतरलो. आचारी होता अमोस ऑग्डन, बावीस वर्षांचा. डिव्हिजनमधल्या आमच्या तुकडीचा, म्हणजे कंपनीचा, नियम एकच, सकाळी जितके लढायला गेले तितक्यांचा चहा. जो परतला नाही त्याचा मग त्याच्या शेजारी झोपणाऱ्याने प्यायचा. जूनमधल्या एका दुपारी काहींना चार-चार मग प्यावे लागले.

युद्ध संपलं, डिव्हिजन मोडली. लष्करात डिव्हिजन मरत नाही, फायलीत झोपते. वीस वर्षं मीही कोठारात पडून होतो. मग दुसरं युद्ध आलं आणि डिव्हिजनला आणि मला उठवलं.

१९४२, इजिप्तचं वाळवंट. अमोस वय चोरून पुन्हा भरती झाला होता, कारण कंपनीत आता त्याचा मुलगा क्लिफर्ड होता. पोराच्या काळजीने तो मला गरजेपेक्षा जास्त घासायचा.

एके सकाळी क्लिफर्ड धरून नव्वद जण पुढे गेले. पाण्याची टंचाई होती. कोठीवरचा सार्जंट पिलिंग म्हणाला, "अमोस, अर्धाच भर. सगळे काही परत येत नाहीत."

"मग कुणाकुणाचा वगळू? नावं सांग."

पिलिंगने स्वतःची पाण्याची बाटली माझ्यात रिकामी केली.

दुपारी एकेचाळीस आले. क्लिफर्ड नव्हता. त्याच्या शेजारी झोपणाराही नव्हता, त्यामुळे क्लिफर्डचा मग तसाच राहिला. अमोसला चहा आवडत नसे; इतक्या वर्षांत त्याने माझ्यातला घोटभरही घेतला नव्हता. तो खाली बसला आणि तो मग शेवटपर्यंत प्यायला. मला फार वाईट वाटलं. नंतर त्याने मला घासायला घेतलं.

आता मी संग्रहालयात काचेमागे आहे. झाकण हरवलं. खाली पाटी आहे, 'नव्वद माणसांचा चहा, इजिप्त, १९४२'. परवा एक जाणकार गृहस्थ व्यवस्थापकाला सांगत होते, पाटी चुकलीय, त्या दिवशी चहाला एकेचाळीसच होते, दुरुस्त करून घ्या.

तेवढं करू नका. चहा नव्वदांचा होता.