धाकट्याचा आवाज

घरात गोड गळ्याचं मूल असलं की पाहुणे आले रे आले, त्याला मधोमध उभं करायचं, ही हौस तुमच्या-माझ्या सगळ्यांच्याच घरात आहे. या घरात तर अशी दोन मुलं होती. थोरली बहीण खालच्या सुरात गाणं धरून ठेवायची आणि धाकटा भाऊ वरच्या सुरात भिंगरीसारखा फिरायचा. त्यांचं घरात गायलेलं एक गाणं मोबाईलवर तुफान गाजलं आणि बघता बघता 'थोरली-धाकटा' या नावाची पोस्टरं लागली. चष्म्याच्या दुकानात काम करणारे वडील नोकरी सोडून पोरांचे मॅनेजर झाले.

पुढच्याच वर्षी धाकट्याला मिसरूड फुटलं आणि आवाजही फुटला. जगातल्या सगळ्या मुलग्यांचा फुटतो. पण या गृहस्थांनी तो आजार समजून उपचार सुरू केले. सकाळ-संध्याकाळ वाफ, दिवसभर मौन आणि संध्याकाळी पुन्हा तोच वरचा सूर.

गाणं शिकवणाऱ्या बाईंनी वडिलांना बाजूला घेतलं. "गाणं खाली उतरवा, नाहीतर वरचा भाग थोरलीला द्या. आत्ता गळा ताणलात तर कायमचा जाईल."

"बाई, लोक त्या वरच्या सुरासाठीच येतात हो."

"लोक उद्या दुसरीकडे जातील. पोरगं कुठे जाईल?"

"एवढा दौरा होऊ दे, मग आरामच आराम."

"बाबा, मी गाते ना त्याचं," थोरली म्हणाली.

"तू मधे पडू नकोस."

धाकटा काहीच बोलला नाही. त्याला मौन होतं.

त्या रात्रीच्या कार्यक्रमात त्याने गाणं कसंबसं तडीस नेलं. लोकांनी वन्समोअरचा गलका केला. थोरलीने पडद्याआड उभ्या वडिलांकडे बघून मान हलवली. वडिलांनी एक बोट वर केलं, फक्त एकदा. धाकटा पुन्हा वर चढला आणि त्याच्या तोंडून नुसती हवा आली. मुद्दाम करतोय असं वाटून लोक हसले. पोराने गळा धरला, तेव्हा कुठे हसणं थांबलं!

डॉक्टरांनी घसा तपासला, महिनोन्‌महिने औषधं दिली आणि शेवटी सांगितलं, "बोलता येईल. गाणं मात्र विसरा."

वडील बाईंच्या दारात जाऊन रडले. "माझ्यापाशी काय रडताय?" बाई म्हणाल्या. "ज्याचं गेलं त्याला सांगा."

ते घरी आले, धाकट्याजवळ बसले. "चुकलो रे मी. यापुढे तुला कुणीही गायला सांगणार नाही."

धाकटा घोगऱ्या आवाजात म्हणाला, "आता सांगितलंत तरी येणार नाही, बाबा."

वडील पुन्हा दुकानात जाऊ लागले. थोरलीला एकटीने गाण्यासाठी पुष्कळ बोलावणी आली, तिने एकही घेतलं नाही. ती घरात गुणगुणतसुद्धा नाही.

मंडळी, मूल वाढणारच. त्याचं वाढणं आपल्या सोयीसाठी अडवायचा अधिकार आई-बापालाही नाही. आणि सगळा दोष त्या वडिलांवर ढकलून आपण मोकळे होऊ नये. त्यांनी एक बोट वर केलं खरं, पण त्या मुलाकडे परत परत मागणारे आपण होतो. पुढच्या वेळी ओरडण्याआधी समोरच्या पोराचा चेहरा तरी नीट बघा.