सात नंबरच्या घरातली माणसं

लोणारच्या वाटेवर एसटी घाट चढायला लागली की मलिहाला हमखास डुलकी लागायची, आणि डुलकी लागली की तेच गाव दिसायचं. आकड्यांचं गाव. प्रत्येक आकड्याला एक घर आणि दारावर गेरूनं काढलेला नंबर. चार नंबरात तापाची माणसं, बारा नंबरात साप चावलेली, बावीस नंबरात बाळंतिणी. सगळी आपापल्या ओसरीवर निवांत बसलेली, आणि वरून कापूस पडतोय, हळूहळू, त्याला खाली यायची काही घाईच नाही. सात नंबरच्या घरात मात्र पाय ठेवायला जागा नसायची. तिथे दाराशी पुंजाजी उभा असायचा. सदरा ओलाचिंब, टोपी हातात. "सिस्टर, हे माह्यं घर नाही," म्हणायचा. रागानं नाही हो, आपण परक्या गावात रस्ता विचारतो ना, तसं. मग गाडी धक्का द्यायची आणि मलिहा जागी व्हायची.

आता हे आकड्यांचं गाव काही तिनं मनानं वसवलेलं नव्हतं. मलिहा घाटाखालच्या एका खेड्यातल्या दवाखान्यात नर्स. पूर्वी इथून रोगी मोठ्या दवाखान्यात पाठवायचा म्हणजे सोबत एक चिठ्ठी जायची. एकजण 'झटके' लिहायचा, दुसरा 'फेफरे', तिसऱ्याचं अक्षर देवालाही लागत नसे. संगणक आले आणि घोळ आणखी वाढला, कारण माणूस निदान अंदाज तरी बांधतो. ते डबडं कुठला बांधायला! म्हणून घाटावरच्या आणि घाटाखालच्या चाळीस दवाखान्यांनी मिळून एक कार्यगट केला. दर आजाराला, औषधाला, तपासणीला एकेक नंबर द्यायचा, आणि तो कुठल्याही दवाखान्यातल्या संगणकाला एकसारखाच कळला पाहिजे, हे त्या गटाचं काम. मलिहा त्यात दोन वर्षांपासून होती.

काम ऐकायला सोपं वाटतं. करून बघा म्हणजे कळेल. दर तीन महिन्यांनी लोणारला डॉक्टर अनुपमाच्या दवाखान्यात वरच्या खोलीत बसायचं, आणि एकेका नंबरावर दुपार घालवायची. मतदान नाही. एकानं जरी मनापासून 'नाही' म्हटलं तर विषय पुढच्या बैठकीला. जुन्या नंबराचा अर्थ कधी बदलायचा नाही, आणि नको झालेला नंबर दुसऱ्या कोणाला द्यायचा नाही. गटाचे प्रमुख रंगराव, चाळीस वर्षं कंपाउंडरकी करून निवृत्त झालेले. ते म्हणत, नंबर रिटायर होते, मरत नाही, माह्यासारखा.

सात नंबर म्हणजे 'कीटकनाशक प्राशन'. सुरुवातीला यादी केली तेव्हा विषबाधेचा तेवढाच एक नंबर ठेवला होता, कारण विष माणसाच्या अंगात तोंडावाटेच जातं असं सगळे धरून चालले होते. बोंडअळी न लागणारं बीटी कपाशीचं बियाणं आलं तेव्हा फवारणीची कटकट संपली असंच तर सांगितलं होतं! काही वर्षं बरी गेली. मग बोंडअळी परत आली, पऱ्हाटी, म्हणजे कपाशीची झाडं, डोक्याच्या वर गेली, आणि माणसं दोन-तीन औषधं एकत्र कालवून त्या हिरव्या भिंतींच्या मधे पंप घेऊन शिरायला लागली. फवारा वर मारायचा आणि तो आपल्याच अंगावर झेलायचा.

पुंजाजी त्यातलाच. सहा वर्षांपूर्वी भर दुपारी त्याला बैलगाडीतून आणलं. तोंडाला फेस, डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या. पण शुद्ध होती. फवारा मारून राह्यलो होतो, सिस्टर, एवढं त्यानं स्वतः सांगितलं. मोठ्या दवाखान्याची गाडी दारात उभी, ड्रायव्हर हॉर्न देतोय, आणि संगणक कारण टाकल्याशिवाय पुढं सरकेना. फवारणीचा नंबर यादीत कुठेच नाही. मलिहानं जवळचा म्हणून सात टाकला. नंतर नीट करू, असं तिच्या मनात होतं.

नंतर कुठलं काय! वर मोठ्या दवाखान्यात तोच सात उचलला गेला. दुसऱ्या दिवशी पुंजाजी गेला आणि त्याच्या मृत्यूच्या कागदावरही सातच चढला. पोलीस घरी आले. त्यांनी त्याच्या बायकोला, गोजरबाईला विचारलं, घरात काही वाद झाला होता का? झाला होता. सकाळीच. कशावरून तर ठेच्यात मीठ जास्त पडलं यावरून. पुंजाजी भाकर न खाता तसाच वावरात गेला होता. संपलं मग. मिठावरून नवऱ्यानं औषध पिलं, असं गावानं ठरवलं, आणि गोजरबाईनंही तेच खरं धरलं.

मलिहा तिच्या घरी एकदा गेली होती, सांगायला. दारातून परत आली. कागदावर एक आणि तोंडानं एक सांगितलं तर कोण विश्वास ठेवील, असं तिनं स्वतःला समजावलं. नोकरीचीही भीती होती. भेकडपणाच तो, त्याला दुसरं नाव नाही, आणि हे तिलाही ठाऊक होतं. पुढं कार्यगटात माणूस हवं म्हणून विचारणा झाली तेव्हा तिनं पहिल्यांदा हात वर केला तो याच्यासाठीच.

तर त्या दिवशी लोणारला दोन विषय होते. पहिला, 'फवारणी करताना झालेली विषबाधा' याला नवा नंबर. तो चटकन झाला. डॉक्टर अनुपमानं सांगितलं की एका हंगामात माझ्याकडेच असे एकोणीस आले, आणि एकोणीसही मला सातात टाकावे लागले. रंगरावांनी वहीत सत्तावन्न नंबर लिहून घेतला.

दुसरा विषय दुरुस्तीचा. आधीच गेलेला चुकीचा कागद सुधारता यावा की नाही? इथं दोन बैठका गाडं अडलं होतं, हर्षलपाशी. हर्षल बुलढाण्याचा, संगणकाचं सगळं तोच बघायचा. पोरगा काही वाईट नव्हता. तो म्हणायचा, एकदा गेलेल्या कागदाच्या भरवशावर दुसरा डॉक्टर औषध देतो. आज मागचं बदलायला लागलो तर उद्या कोणत्याच कागदाचा भरवसा राहणार नाही. अनुपमानं तोड सुचवली. जुना कागद पुसायचाच नाही. त्याच्यावर दुसरा जोडायचा, कारण लिहायचं, आणि ज्यानं पहिला कागद भरला त्यानंच खाली आपलं नाव घालायचं.

हर्षल हसला. म्हणाला, स्वतःच्या चुकीखाली स्वतःचं नाव कोण घालणार, मॅडम? नियम नुसता पडून राहील. असा एक माणूस दाखवा, मी हरकत मागं घेतो.

खिडकीतून खाली सरोवर दिसत होतं. दुपारच्या उन्हात पाणी इतकं स्तब्ध, की ते खाली आहे की वर हेच मलिहाला उमगेना. खोलीतले आवाज लांब गेले. भरदिवसा, जागेपणी, तिला काठावरच्या झाडांवर कापूस पडताना दिसला, आणि झाडांखाली माणसं, ओल्या सदऱ्यांची, कोणीतरी हाक मारील म्हणून थांबलेली. आज गप्प बसले तर जन्मभर गप्प बसेन, हे तिला लख्ख कळलं.

"मी घालते माझं नाव," ती म्हणाली. "पुंजाजीचा कागद मीच भरला होता. फवारत होतो असं त्यानं मला सांगितलं होतं. माहीत असून मी सात टाकला, आणि सहा वर्षं गप्प बसले."

मग तिनं सगळं सांगितलं, हॉर्नपासून मिठापर्यंत. हर्षलनं चष्मा काढला, उगीच पुसत बसला, आणि हळूच म्हणाला की माझी हरकत नाही. रंगरावांनी ठराव लिहिला. लिहून झाल्यावर पेन तसंच हातात धरून म्हणाले, चौकशी लागंन बरं पोरी तुह्यामागं. लागू द्या काका, मलिहा म्हणाली.

चौकशी लागलीच. खुलासा मागवला, ताकीद मिळाली, सेवापुस्तकात नोंद झाली. हर्षलला संगणकात ते बसवायला तीन महिने लागले. पण पहिला दुरुस्त कागद निघाला तो पुंजाजीचा. खाली जुना सात तसाच, वर सत्तावन्न, आणि तळाशी मलिहाचं नाव.

ती कागद घेऊन निघाली तेव्हा वेचणी चालू होती. गोजरबाई वावरात होती, ओटी बांधलेली, ओटीत कापूस. आजूबाजूला सगळं पांढरं, वाऱ्यावर तंतू तरंगताहेत, आणि मलिहाला क्षणभर वाटलं की आपण अजून एसटीतच आहोत. धुऱ्याच्या बांधावर उभं राहून तिनं कागद वाचून दाखवला. मग कागद घडी करून, आपण काय केलं तेही सांगितलं. शिव्या खायची तयारी होती तिची. एक-दोन थपडा बसल्या असत्या तरी चाललं असतं.

गोजरबाई ओटीतला कापूस मुठीत धरून उभी राहिली.

"मंग त्यानं जीव नाई देल्ला?"

"नाही."

"सांजच्याले घरी येनारच होता?"

"हो. येणारच होता."

गोजरबाई खाली बसली, पऱ्हाटीच्या मुळाशी, जशी होती तशी. रागावली होती की रडत होती, मलिहाला कळेना. जवळ बसावं म्हणून ती वाकली, तर गोजरबाईनं हातानंच तिला थांबवलं.

"सहा वर्सं झाले, मी त्याच्यासंगं बोलली नाई," ती म्हणाली. "मनातबी नाई. आता तू जाय, सिस्टर. आमाले बोलू दे."