आधीची बाई

शिडीवरचा माणूस व्यायामशाळेच्या नव्या बोर्डाचा शेवटचा खिळा ठोकत होता. योग शिकवणाऱ्या बाई खाली उभ्या राहून वर बघत होत्या, आणि बघता बघता त्यांना शिसारी आली.

बोर्डावर दोन बायका होत्या. डावीकडची मागून, जरा तिरपी टिपलेली. पाय पसरून पुढे वाकलेली, टी-शर्ट वर सरकलेला आणि कमरेवर मांसाच्या वळ्या, कणकेच्या परातीत बोटं रुतवावीत तशा. तिच्याखाली लिहिलं होतं 'आधी'. तिथून एक लाल बाण उजवीकडे गेला होता. उजवीकडे काउंटरवर बसणारी सडसडीत मुलगी मांडी घालून, डोळे मिटून, दात दाखवत बसली होती. तिच्याखाली 'नंतर'. आणि आंधळ्यालाही दिसेल एवढ्या अक्षरांत वर छापलं होतं, 'योगाने वजन घटवा. महिन्यात फरक पाहा.'

बाईंनी आधी तो टी-शर्ट ओळखला. मग कमरेजवळचा तीळ ओळखला. मग ओळखायचं काही उरलंच नाही.

व्यायामशाळेच्या मालकाला सगळे पाठीमागे पावडर म्हणत, कारण तो येणाऱ्याजाणाऱ्याच्या गळ्यात ताकदीच्या पावडरीचे डबे मारत असे. आत्ताही तो डबेच रचत होता. त्याच्या अंगाला कसला तरी गोडसर वास येत होता, आजाऱ्याच्या खोलीत येतो तसा.

"तो फोटो माझा आहे," बाई म्हणाल्या.

"हो ना. क्लास चालू असताना काढलेला. छान आलाय, नाही?"

"मला न विचारता?"

"तोंड कुठं दिसतंय मॅडम? कोण ओळखणार?" त्यानं डब्यावरची धूळ फुंकली. "आणि राग मानू नका, पण वजन घटवायच्या क्लासला शिकवणारीच अशी म्हटल्यावर लोक काय समजायचं ते समजतात. म्हटलं, निदान उपयोग तरी होऊ दे."

"मी योग शिकवते. वजनाचं तुम्ही छापलंत."

"तेच सांगतोय. छापलं म्हणून माणसं येतात."

पालथ्या घड्यावर पाणी. बाई जिना चढून वर आल्या. जिना चढताना त्यांना धाप लागत नसे. पन्नाशी उलटली तरी गुडघा कधी कुरकुरला नव्हता, झोप कधी मोडली नव्हती. अंगानं त्या पहिल्यापासूनच दुहेरी. माहेरच्या सगळ्याच बायका तशा, हाडच रुंद. रोज पहाटे आसनं करूनही ते हाड काही अरुंद झालं नाही, आणि कालपर्यंत बाईंना त्याचं काही वाटलंही नव्हतं.

वरच्या हॉलमध्ये पायांचा, रबरी चटयांचा आणि कुणाच्या तरी अत्तराचा असा एक मिश्र दर्प कोंडलेला असे. कोपऱ्यात वजनकाटा होता. क्लासच्या आधी आणि नंतर बायका त्याच्यापुढे रांग लावत. चपला काढत, कानातलं काढत, घड्याळं काढत. एकीनं तर एकदा चष्मा काढून ठेवला, आणि मग आकडा दिसेना म्हणून शेजारणीला वाचायला लावला. तासभर श्वासावर लक्ष ठेवा म्हणून कंठशोष करावा आणि शेवटी या सगळ्या धावत सुटाव्यात त्या काट्याकडे. बाईंना ते बघवत नसे.

आज मात्र काटा मागे पडला होता. विषय बोर्डाचा होता.

"मॅडम, खालची ती बया बघितलीत का?" पुढच्या रांगेतल्या दातांच्या डॉक्टर म्हणाल्या. "शी. माझा तर चहा घशाखाली उतरेना. माणसानं स्वतःला इतकं सुटू द्यावं?"

"असं होऊ नये म्हणून तर येतो आपण," शेजारची त्यांची नणंद म्हणाली.

दोघींनी बाईंकडे पाहिलं, शिकवणारीनं मान डोलवावी म्हणून. या दोघी कित्येक वर्षं त्यांच्याकडे येत होत्या. हीच पाठ समोर ठेवून त्यांनी प्रत्येक आसन गिरवलं होतं.

"पाय पसरून बसा," बाई म्हणाल्या.

संध्याकाळी नवरा न्यायला आला. स्कूटर बोर्डाखालीच उभी करून तो वर बघत होता.

"हे नवीन लावलंय वाटतं," तो म्हणाला. "पण ही बाई कुठून शोधून काढली? हिला बघून गिऱ्हाईक यायचं ते पळून जाईल."

बाई त्याच्या तोंडाकडे बघत राहिल्या. तो थट्टा करत नव्हता. लग्नाला तीस वर्षं झाली होती. या पाठीला त्यानं मलम चोळलं होतं, ब्लाउजची बटणं लावून दिली होती. त्यानं हेल्मेट पुढे केलं.

"बस ना. कसला विचार करतेस?"

बाई बसल्या, पण अंग चोरून, आपलं पोट त्याच्या पाठीला लागू नये अशा बेतानं. घरी आल्यावर त्या अर्ध्या जेवणावरून उठल्या. डोकं दुखतंय म्हणाल्या.

किळस आधी मालकाची आली होती, मग त्या नणंद-भावजयांची, मग नवऱ्याची. आता गावभर हिंडून ती आपल्या घरी मुक्कामाला आली. अंघोळ करताना बाई खाली बघेनात. उकाड्यातही क्लासला स्वेटर घालून जाऊ लागल्या. पुढे वाकायचं आसन आलं की स्वतः करून दाखवत नसत. खुर्चीवर बसून तोंडानंच सांगत, असं करा, तसं करा. मागच्या भिंतीच्या आरशात चुकून स्वेटरची गोल बाजू दिसली की त्या तोंड फिरवत. आपली विद्या आपल्याच अंगावर चालली नाही, मग ती दुसऱ्याला कुठल्या तोंडानं शिकवायची? हा एकच प्रश्न त्यांच्या डोक्यात घण घातल्यासारखा पडत राहिला.

शेवटी त्यांनी मालकाला सांगून टाकलं, या आठवड्यानंतर मी येणार नाही.

"बरं," तो म्हणाला. त्याच्या चेहऱ्यावरची सुरकुतीही हलली नाही. "काउंटरवरची पोरगी घेईल क्लास. व्हिडिओ बघून जमतं हल्ली."

शेवटच्या दिवशी क्लास सुटला, काट्यापुढची रांगही पांगली. बाई आपली चटई गुंडाळत होत्या तेव्हा दारात एक बाई येऊन उभी राहिली. निळ्या गणवेशात, खांद्याला चामडी पिशवी. अंगावर मांस म्हणून नाही. फुंकर मारली तर उडेल. बाईंच्या कपाळाला आठी पडली.

"वजन घटवायचा क्लास हाच," त्या म्हणाल्या, "पण तुमचं काय घटवणार?"

"खालची मुलगीही तेच म्हणाली. हसत होती." ती आत आली. "मला वजनाचं काही नाही हो. मी बस चालवते. बसून बसून कमरेची पार फळी झालीय. मोजे घालायला मुलीला हाक मारावी लागते. ती वैतागते, आणि तिचंही बरोबर आहे."

"पाय पसरून वाकून दाखवा."

ड्रायव्हरबाई खाली बसली. हात गुडघ्यांच्या जरा पुढे गेले आणि तिथंच थरथरत अडले. तोंड लाल झालं.

"एवढंच," ती धापा टाकत म्हणाली. "त्या खालच्या बाईसारखं व्हायला किती दिवस लागतील?"

पुन्हा तोच बोर्ड. बाई उरलेली चटई गुंडाळू लागल्या.

"ती मुलगी काउंटरवरच बसते. तिलाच विचारा."

"ती नव्हे हो. दुसरी, वाकलेली." ड्रायव्हरबाईनं घाम पुसला. "समोरच्या सिग्नलला बस उभी राहते, तेव्हा रोज बघते मी तिला. कपाळ गुडघ्याला टेकलंय, दोन्ही तळवे हातात धरलेत, आणि कुठं ओढाताण नाही, जशी काही झोपलीय. मी तर बघतच राहते, मागचे हॉर्न मारतात. आणि ती दुसरी नुसती मांडी घालून बसलीय, तीही कुबड काढून." ती जरा घुटमळली. "एक सांगू? छापणाऱ्यानं खालची नावं उलटी लावलीत. वाकलेल्या बाईच्या खाली 'नंतर' पाहिजे होतं ना? मालकांना सांगा तुमच्या. लोकांचा गैरसमज होतो."

येता-जाता बाईंनी तो बोर्ड पाहिला होता. वळ्या पाहिल्या होत्या, तीळ पाहिला होता, बाण पाहिला होता. कपाळ कुठं आहे ते त्यांनी एकदाही पाहिलं नव्हतं.

त्यांनी गुंडाळलेली चटई परत उलगडली. स्वेटर काढून खुर्चीवर टाकला आणि ड्रायव्हरबाईकडे पाठ करून बसल्या.

"मागून नीट बघा," त्या म्हणाल्या. "पाठीतून नाही वाकायचं. कमरेतून."

त्या वाकल्या. टी-शर्ट वर सरकला. त्यांनी तो खाली ओढला नाही.

मागे ड्रायव्हरबाईचा श्वास अडकलेला त्यांना ऐकू आला. तो सुटलेला मात्र ऐकू आला नाही.

"रोखून धरू नका," गुडघ्यांत तोंड असतानाच बाई म्हणाल्या. "श्वास सोडा."