चालीत न बसणारा शब्द

ख्रिस्ती मंडळीच्या प्रार्थनापुस्तकाची नवी आवृत्ती काढायचं ठरलं, तेव्हा भाषांतराचं काम कुणाच्या गळ्यात पडणार हे सगळ्यांना ठाऊक होतं. ग्रीक येणारी माणसं मंडळीत दोनच: निवृत्त झालेले थोरले पाळक आणि त्यांची मुलगी. थोरल्यांचे डोळे अधू झालेले, म्हणून मुलगी. समितीतले लोक तिला पाठीमागे ‘किसणी’ म्हणत, कारण शब्दाचा कीस काढल्याशिवाय ती एक ओळ पुढे सरकू देत नसे. पुढे पुढे तोंडावरही म्हणू लागले. तिला राग आला नाही. बोथट किसणी काय कामाची, असं म्हणून ती पुन्हा कामाला लागायची.

तिने समितीला एक पद्धत लावून दिली होती. तयार झालेली प्रत्येक ओळ समितीबाहेरच्या माणसाला वाचून दाखवायची आणि त्याने ती आपल्या शब्दांत परत सांगायची. त्याला जे कळलं तेच ओळीत आहे असं धरायचं. आपल्या मनात काय होतं, त्याला कवडीची किंमत नाही.

त्या दिवशी सभागृहाच्या पडद्यांची मापं घ्यायला शिंपी आला होता. त्यालाच धरून बसवलं. दर रविवारी मंडळी उभी राहून आपला विश्वास गाऊन सांगते, ते गीत वाचायला घेतलं होतं. हे गीत थोरल्या पाळकांचं. मूळ ग्रीक विश्वासवचनावरून बांधलेले शब्द त्यांचे, चालही त्यांचीच. आताचे पाळक समितीचे अध्यक्ष, त्यांनी ख्रिस्ताबद्दलची ओळ वाचली, “पित्यासारखाच हा पुत्र.”

“म्हणजे मुलगा बापाच्या वळणावर गेला,” शिंपी म्हणाला. “चांगलं आहे की! आमच्याकडे नेमकं उलटं झालंय.”

सगळे हसले. ऑर्गन वाजवणाऱ्या मावशींना तर ठसका लागला. किसणी मात्र हसली नाही.

“बघा, काय पोचतंय ते,” ती म्हणाली. “मूळ शब्द आहे होमोऊसिओस. पित्याचं जे सत्त्व, तेच पुत्राचं. सारखं नव्हे, तेच. सारखा काय, जुळा भाऊही असतो. नक्कलही सारखीच असते.”

तिने नवी ओळ लिहून आणलीच होती: ‘पित्याचे जे देवपण, तेच पुत्राचे.’ मावशींनी ती ऑर्गनवर लावून पाहिली आणि मान हलवली. शब्द चालीत मावत नव्हते. लठ्ठ माणसाने धाकट्या भावाचा कोट घालावा तशी ओळ सगळीकडून फुटत होती.

“ताई, अर्थ तुमचाच बरोबर,” पाळक म्हणाले. माणूस स्वभावाने मऊ, कुणाचं मन मोडायचं म्हणजे त्यांच्या जिवावर यायचं. “पण आपला नियम माहीत आहे ना? चाल बांधणारा हयात असेल तर त्याच्या होकाराशिवाय गाण्यातला शब्द हलत नाही. आणि गुरुवारी छपाई सुरू होतेय. थोरले साहेब हो म्हणाले तर नवी ओळ. नाहीतर जुनीच.”

“जुनीच असेल तर पुस्तकावर माझं नाव घालू नका,” किसणी म्हणाली. “आणि पुढची पुस्तकंही दुसऱ्या कुणाला द्या.”

कागद गोळा करून ती उठली. आयुष्यातली उमेदीची वर्षं या कामात गेली होती आणि दुसरं काही तिला करायचंही नव्हतं. जिभेवर आलेलं बोलून गेली खरी, पण जिना उतरताना तिने एकदा मागे वळून पाहिलं. तरी ती तडक वडिलांकडेच गेली.

थोरले पाळक स्वयंपाकघराच्या खिडकीशी बसून बुटांना पॉलिश करत होते. कुठे जाणं-येणं उरलं नव्हतं, पण बूट चकचकीत लागत. तिने चहा टाकला आणि सगळं सांगितलं. त्यांनी ब्रश थांबवला नाही.

“मला होमोऊसिओस शिकवायला आलीस? तुझा जन्म व्हायच्या आधी शिकलोय मी तो.”

“मग घातला का नाहीत, बाबा?”

“चालीत बसत नव्हता. लोकांना गाता यायला नको? एका शब्दासाठी सगळी चाल मोडू? आणि ‘सारखा’ म्हटल्याने कुणाचा विश्वास बुडाला, सांग बघू.”

“फरक पडतो.”

“काय फरक पडतो? पित्याने पुत्राला पाठवलं असं शास्त्रातच आहे ना? पाठवलं तर पाठवलं.”

“पाठवलं, पण कुणाला? सगळं त्यावरच आहे. स्वतःसारख्या दुसऱ्या कुणाला पाठवलं असेल, तर देव स्वतः घरीच राहिला. दुखणं दुसऱ्याच्या अंगावर आणि नाव देवाचं. पुत्रात तेच देवपण असेल तरच म्हणता येतं की देव आपल्यापर्यंत आला. जुन्या धर्मसभेतल्या लोकांनी हा शब्द एवढा भांडून ठेवला तो हौस म्हणून नाही.”

“लोक गातात तेव्हा एवढा विचार करत नाहीत.”

“मी करते,” ती म्हणाली. आणि मग जे बोलायचं नाही असं तिने आईच्या माघारी कायमचं ठरवलं होतं, ते बोलली. “आई दवाखान्यात होती तेव्हा तुम्हीही पाठवलंत. तुम्ही परगावी, नव्या प्रार्थनामंदिराच्या उद्घाटनाला. हातातलं काम टाकून कसं येणार, म्हणून सहायकाला पाठवलंत. ‘तो आला म्हणजे मीच आलो असं समजा,’ असा निरोप होता तुमचा. मीच तो तिला सांगितला. मला माहीत आहे, ‘सारखा’ कुणी येणं म्हणजे काय असतं ते.”

ब्रश थांबला. चहा उतू गेला. तिने गॅस बंद केला, शेगडी पुसली.

“जा तू,” ते म्हणाले.

ती गेली. रस्त्याच्या कोपऱ्यावर तिला रडू कोसळलं, आणि एका अनोळखी बाईने तिला पाणी हवं का विचारलं. म्हाताऱ्या बापाच्या वर्मावर बोट ठेवलं याचं तिला वाईट वाटत होतं. पण बोललेला शब्द परत घ्यावा असं एकदाही वाटलं नाही.

बुधवारी संध्याकाळी समिती जमली. थोरल्यांचा होकार आला नव्हता, नकारही नव्हता. पाळकांनी दोनदा घड्याळ पाहिलं. “मग या आवृत्तीपुरती जुनीच ठेवू या का, ताई?”

“ठेवा,” किसणी म्हणाली. “माझं नाव तेवढं काढा.” तिने मुखपृष्ठाचा नमुना पुढे ओढला आणि आपल्या नावावर आडवी रेघ मारली. मावशी “अगं, अगं” करत राहिल्या.

जिन्यावर काठी वाजली. एक पायरी, मग थांबणं, मग दुसरी. पाळक लगबगीने उठून दाराशी गेले. “साहेब! कशाला एवढे जिने चढलात? मला कळवलं असतं तर मी येऊन तुमचा निरोप आणला असता.”

थोरले पाळक दारात दम खात उभे राहिले. ह्याच माणसाला त्यांनी तेव्हा दवाखान्यात पाठवलं होतं.

“तू निरोप चांगलाच पोचवतोस,” ते म्हणाले. “तुझी काही चूक नव्हती.” मग ते मुलीच्या शेजारच्या खुर्चीत बसले. तिच्याकडे न बघता म्हणाले, “याला बघून तुझी आई काय म्हणाली होती?”

पाळकांनी मान खाली घातली. किसणीने मुखपृष्ठाचा नमुना बाजूला सारला.

“‘बरं झालं आलात, बसा,’ म्हणाली. पाणी द्यायला सांगितलं त्यांना. आणि दाराकडे बघत राहिली.”

“शेवटपर्यंत?”

“हो, बाबा.”

त्यांनी काठी खुर्चीला टेकवून ठेवली. मग म्हणाले, “तुझी ती नवी ओळ वाच. मी समितीबाहेरचाच आहे.”

“पित्याचे जे देवपण,” तिने वाचलं, “तेच पुत्राचे.”

“म्हणजे असं,” थोरले पाळक आपल्या शब्दांत सांगू लागले, एकेक शब्द जपून, “की देवाने आपल्याऐवजी दुसऱ्या कुणाला पुढे केलं नाही. आला तो देवच आला.” ते थांबले. पण वाक्य त्यांनी अर्धं सोडलं नाही. “आणि मी गेलो नाही.”

किसणीने त्यांचा हात धरला. त्यांनी तो धरू दिला, आणि दुसऱ्या हाताने मावशींना ऑर्गनकडे जायची खूण केली.

“चाल मोडू दे,” ते म्हणाले. “नवी बांधू. सूर दे.”